समोरचा बसेल तसं बसा

फ्लॅट विकणाऱ्या ऑफिसात किस्से फार साठतात, कारण फ्लॅट काही रोज विकले जात नाहीत आणि खुर्च्या मात्र रोज भरायच्या असतात. आमचं सेल्स ऑफिस कामोठ्यात. गिऱ्हाईक नसलं की मी आणि नीलेश एकमेकांकडे बघत बसायचो. शेवटी शेवटी जरा जास्तच बघायचो, कारण ही साइट संपत आली होती, नवी छोटी होती आणि दोघांतला एकच तिकडे जाणार होता. दुसऱ्याला रिलीव्हिंग लेटर घेऊन घरी बसावं लागणार, हे दोघांनाही माहीत होतं. माझे बाबा रिटायर झालेले, भाऊ अजून शिकतोय. मला ती नोकरी हवीच होती.

*

सगळं सुरू झालं ट्रेनिंगपासून. पुण्याहून एक ट्रेनर आले. म्हणाले, समोरचा बसेल तसं बसा, तो झुकला की झुका, अधूनमधून मान डोलवा, त्याला तुम्ही आपले वाटाल. नीलेशने सगळं वहीत उतरवून घेतलं. तेव्हापासून आमच्यात कोणी साधी मान हलवली तरी मला वाटायचं, याला काहीतरी हवंय.

*

पहिला प्रयोग नीलेशने एका जोडप्यावर केला. नवऱ्याने पायावर पाय टाकला, यानेही टाकला. त्याने मान खाजवली, याने खाजवली. त्याने चष्मा काढून पुसला. नीलेशला चष्माच नाही, तर पठ्ठ्याने माझा मागितला!

बायको मघापासून टक लावून बघत होती. "अहो, उठा," ती नवऱ्याला म्हणाली, "हा माणूस तुमची नक्कल करतोय." सॅम्पल फ्लॅट न बघताच दोघं गेली.

*

मी हसले खरी, पण मीही काही कमी नाही. रोडपाली गावातले एक काका मुलासाठी फ्लॅट बघायला आले. हाताची घडी, तोंडातून शब्द नाही. मीही घडी घातली. ते मागे टेकले, मी टेकले. ते गप्प, मी गप्प. चहा येऊन गार झाला.

शेवटी काकाच बोलले. "पोरी, तुला फ्लॅट इकायचा हाय का नाय? तूच रुसून बसलीस."

*

एकदा जेवताना मी टेबलावर कोपर टेकलं, नीलेशने टेकलं. मी पाणी प्यायले, तोही प्यायला. मी डब्यातून मान वर न करता विचारलं, रविवारची सुट्टी हवीय ना? त्याचा घास हातातच राहिला. त्याला बहिणीकडे, आपटा गावाला जायचं होतं. मी लगेच हो म्हटलं. रविवारी गर्दी असते, तेवढीच माझी एखादी विक्री जास्त दिसेल, असा माझा हिशोब.

*

आमचे मॅनेजर सर तीन वर्षांत माझ्याशी कधी बसून बोलले नव्हते. उभ्या उभ्या, मोबाइलमध्ये बघत, "हं, पुढे?" एवढंच. एका शुक्रवारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

मी खुर्चीच्या टोकावर बसले, तेही पुढे सरकले. मी हात टेबलावर ठेवले, त्यांनीही ठेवले. खात्री करून घ्यावी म्हणून मी हनुवटीला हात लावला.

सरांनी हनुवटीला हात लावला आणि हळूच मान डोलवली. घरी सगळे कसे आहेत, म्हणाले.

"सर, रिलीव्हिंग लेटर आजच देताय की सोमवारी?"

सरांचा हात खाली आला. "तुला कोणी सांगितलं?"