बिनसाखरेची कॉफी

इजिप्तमधल्या आमच्या दमिएत्तात लोक मरण लपवतात, आणि डॉक्टरनं मात्र सगळं ओळखावं म्हणतात! इन्साफ आत्या जन्मभर मासे खारवून विकणारी, बाजारात कुणाचं ऐकून न घेणारी बाई. तिचा मुलगा वगदी लिबियात वारला, ते घरच्यांनी तिच्यापासून महिनाभर दडवलं. काल छातीत कळ आली म्हणून तिला माझ्याकडे आणलं.

"काही धक्का बसलाय का तिला?"

"छे गं! तिला काही माहीत नाही," तिची मुलगी रावया शपथेवर म्हणाली.

रक्त तपासलं. हृदयविकाराचा मोठा झटका असता तर ट्रोपोनिन भरमसाट चढलं असतं. इथं ते जेमतेम, आणि हृदयावर ताण आला की वाढणारं बीएनपी आभाळाला भिडलेलं. रक्तवाहिन्याही मोकळ्या निघाल्या. हे दुःखानं हबकलेलं हृदय होतं.

मी तणतणत आत्याच्या खाटेशी गेले. "कधी कळलं तुला?"

"काल सकाळी शेजारणीनं सवयीनं बिनसाखरेची कॉफी पुढे केली. ती मयताच्या घरीच देतात ना गं?"

"मग बोलायला काय झालं होतं?"

"हळू बोल!" आत्यानं मलाच दटावलं. "मला कळलंय हे रावयाला सोसायचं नाही."