जालन्याच्या चर्चच्या हॉलातल्या कड्या

सत्त्याहत्तर सालच्या हिवाळ्यात मी केदारखेड्याला नणंदेकडे राहायला गेले होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुण्यात वाढलेली मी मराठवाडा पहिल्यांदाच पाहत होते. वन्सं, म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, गावातल्या जुन्या जमीनदार घरात दिलेल्या. एका सकाळी त्या आपल्या सासूबाईंना म्हणाल्या, "आत्याबाई, सुधाला राजूरचा गणपती दाखवून आणते." सासूबाईंनी नातवाला, भानूला, आपल्याजवळ ठेवून घेतलं आणि आम्ही दोघी एसटीची वाट पाहत फाट्यावर उभ्या राहिलो.

राजूर जवळच आहे. रस्ता तेव्हा असा होता की गाडीत बसणं आणि उखळात बसणं एकच. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आली होती. मंदिर टेकडीवर. चतुर्थी नव्हती म्हणून दर्शन निवांत झालं. तुम्ही जाणार असाल तर चतुर्थी टाळा, नाहीतर सगळा दिवस रांगेत जाईल. पायथ्याशी गरम भजी खाल्ली, हिरव्या मिरचीसकट. मी परतीच्या गाडीसाठी रस्ता ओलांडायला निघाले, तर वन्सं जागच्या हलेनात.

"गाडी पलीकडून मिळेल ना?" मी विचारलं.

"पलीकडून न्हाई. आपन जालन्याला जाऊन राह्यलो," त्या म्हणाल्या. "घरी मात्र बोलू नको."

कारण त्यांनी गाडीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत. बहात्तरच्या दुष्काळात गावात प्यायला पाणी उरलं नाही. तेव्हा त्या आणि त्यांचे यजमान जालन्यात एका नातलगाच्या खोलीत राहून दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. भानू तेव्हा अंगावर पिणारा.

"त्याला उन्हात कुठं ठेवू? कुणीतरी म्हणलं, चर्चच्या हॉलात लेकरं सांभाळतेत. मंग तिथं ठेवायला लागले. एकदा त्याला असं हागवण-उलटीनं धरलं की मी आशा सोडली होती. तिथल्या बाईनं चमच्या-चमच्यानं पानी पाजून जगवला."

"घरी माहीत आहे?"

"खडी फोडली ते माहीत हाय. हॉलचं बिलकुल न्हाई. चर्चमधली कांजी पोराच्या पोटात गेली हे आत्याबाईंना चालंल का? पाऊस पडला तसे आमी निघून आल्तो. बाईला सांगायलासुदिक गेले न्हाई. वाटलं, कुणी बघितलं तर?"

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्टँडवरून टांगा केला. सरकी आणि मोसंब्यांचा वास मिसळलेला बाजार मागे पडला, झाडं वाढली, आणि कडुनिंबांच्या मागे मेथडिस्ट चर्च दिसलं. हॉल त्याच्या शेजारी. काळ्या दगडाचा, लांबट, कौलारू. दाराजवळच्या शिळेवर इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तीन भाषांत मजकूर होता. पावसापाण्यानं अक्षरं इतकी झिजली होती की मी बोटं फिरवून पाहिली तरी एकही ओळ पुरती लागली नाही.

"सलाम," म्हणत एक म्हातारे गृहस्थ चाव्यांचा जुडगा घेऊन आले. योहानकाका, तिथले राखणदार. हॉल पाहायला आलोय म्हटल्यावर खूश झाले.

आतला गारवा मला अजून आठवतो. खाली शहाबादी फरशी, एका टोकाला छोटासा मंच, भिंतीला टेकवून ठेवलेले बाक. आणि वर, सागवानी तुळयांना, ओळीनं लोखंडी कड्या.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

"पंख्याला," काका म्हणाले. "गोऱ्या सायबांच्या टायमाला कापडाचे पंखे होते. ओसरीत बसून मानूस दोरी ओढायचा. माझा आजा ओढायचा. त्याला आत यायची गरज पडायची न्हाई, अन कुणी बोलवायचंबी न्हाई. मंग शाळा भरली हितं, शिवणाचा वर्ग झाला, लग्नं झाली. पंखे गेले, कड्या राहिल्या. अन दुष्काळात त्यांना झोळ्या बांधल्या. सलोमीबाईंचं डोकं ते. बायका आपापल्या जुन्या लुगड्याची झोळी बांधून कामाला जायच्या. इकडून तिकडं नुसत्या झोळ्याच झोळ्या."

वन्सं एका कडीखाली जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाई हायेत का?"

"हायेत की! बोलावतो जल्दी."

सलोमीबाई आल्या त्या पांढऱ्या पातळात, काठी टेकत. दवाखान्यात नर्स होत्या, आता घरीच असायच्या. वन्संनी वाकून नमस्कार केला आणि आपलं नाव सांगितलं. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, बराच वेळ, आणि मान हलवली.

"खोटं कशाला बोलू? न्हाई आठवत. लई लेकरं होती, लई आया."

वन्संचा चेहरा पडला. इतकं धाडस करून आलेल्या त्या. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाईंनीच विचारलं, अगदी हळू, "लेकरू... हाय का?"

"हाय! शाळेत जाऊन राह्यलं. झाडावर चढतं, मार खातं."

बाई बाकावर बसल्या. काठी बाजूला पडली ती त्यांनी उचलली नाही. "पाऊस पडला अन सगळ्या आपापल्या गावाला गेल्या," त्या म्हणाल्या. "बराबरच होतं, पेरायचं होतं. पर कोन जगलं, कोन न्हाई, मला कुणी सांगायलाच आलं न्हाई. तूच पहिली."

दोघी किती तरी वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. मी आणि काका उगाच खिडक्या पाहत राहिलो.

निघताना वन्संनी "राजूरचे पेढे" म्हणत पुडा काढला. बाईंचा हात थोडा अडखळला. राजूरचे म्हटल्यावर गणपतीचा प्रसाद असणार, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"हे देवाला दाखवलेले न्हाईत, बाई. तुमच्यासाठी येगळे घेतले."

बाई हसल्या आणि तिथंच एक पेढा तोंडात टाकला. मग आम्हाला घरी नेऊन बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. वन्सं पोटभर जेवल्या. मी पाहतच राहिले.

दिवेलागणीला केदारखेड्याला पोहोचलो. सासूबाईंनी विचारलं, "इतका उशीर?" मी राजूरच्या गर्दीची सबब जुळवत होते, पण वन्संनी पायावर पाणी घेतलं, ओसरीवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. हॉल, झोळी, कांजी, आजची भाकरीसुद्धा.

सासूबाई ताडकन उठल्या. "हे सांगायची काय गरज होती? झाकलेलं होतं ते बरं होतं."

"पोरगं जगलं हे झाकायचं, आत्याबाई?"

मी तिथे होते तेवढे दिवस सासूबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढे बोलणं सुरू झालं, पण त्या विषयावर शेवटपर्यंत नाही. भानूला मात्र त्या पूर्वीसारख्याच आपल्या ताटात जेवू घालत.

पुण्याला परतल्यावर मैत्रिणींनी विचारलं, मराठवाड्यात काय पाहिलंस? वेरूळ-अजिंठा त्यांना अपेक्षित होतं, तिथं मी गेलेच नव्हते. मी हॉलचं सांगितलं तर त्यांना फारसं कळलं नाही. वन्संना मात्र पुढे कुणी भानूच्या लहानपणाबद्दल विचारलं, लग्नाच्या मांडवात का असेना, की त्या आवाज न उतरवता सांगायच्या, "दुष्काळातलं लेकरू हे. जालन्यात चर्चच्या हॉलात वाढलं, सलोमीबाईच्या हातचं पानी पिऊन."