नवरा सोडून अजून कोण?

मी टेबलावर उताणी पडले होते. सलवार काढून खुर्चीवर टाकलेली, पाय दोन बाजूंना कड्यांवर ठेवलेले, दिवा खाली वळवलेला. आणि समोर सातआठ शिकाऊ डॉक्टर. पोरी पण, पोरं पण. पडदा होता. तो ओढायचं कुणाच्या मनात आलं नाही. बाहेर बाकावर बसलेली एक बाई वाकून आत बघत होती, ते मला दिसत होतं.

लघवीच्या जागी चामखिळी आल्या होत्या. आधी एक, मग फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा घोसच. कुणाला दाखवणार? आमच्या गावाकडं, सोलापूरच्या बाजूला, चामखिळीला चुना आणि सोडा लावतात. मी तिथं तेच लावलं. कातडी जळाली. बोम्मसंद्राच्या कारखान्यात मी पॅकिंगला जाते, दिवसभर उभ्यानं काम. उभं राहवेना, बसवेना. तेव्हा कुठं ह्या सरकारी दवाखान्यात आले, तोंडाला ओढणी बांधून. बाकावरच्या सगळ्याच बायका तशा बसल्या होत्या.

मोठे डॉक्टर पेनानं दाखवत इंग्रजीत शिकवत होते. पेनाचं टोक जळलेल्या जागी लागलं तसं माझ्या तोंडून निघालं, "आई गं."

एका शिकाऊ पोरीनं लगेच मान वर केली. "मराठी का तुम्ही? मी पुण्याची."

काय सांगू, तेवढ्या हालात मला बरं वाटलं. ह्या शहरात माझी मराठी घराच्या उंबऱ्याच्या आत. कारखान्यात हिंदी, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी तोडकं कन्नड. बाहेरचं कुणी माझ्याशी माझ्या भाषेत बोलून वर्षं झाली होती. वाटलं, आपलं माणूस भेटलं. हिला सांगता येईल किती दुखतंय ते. मी तिचा हातच धरणार होते.

मोठ्या डॉक्टरांनी तिला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. ती माझ्याकडं वळली आणि गोड आवाजात म्हणाली, "मावशी, सर विचारतायत, नवरा सोडून अजून कोण कोण?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"नवराच," मी म्हटलं. "दुसरं कुणी नाही."

तिनं ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर मला कळावं म्हणून हिंदीत बोलले, "सब यही बोलते हैं." पोरं हसली. ती पण हसली. जोरात नाही, ओठ दाबून.

मग एकानं मोबाईल काढला. मी गुडघे मिटायला लागले तर तीच म्हणाली, "घाबरू नका मावशी, शिकायला लागतो फोटो. चेहरा येत नाही त्यात."

चेहरा येत नाही. म्हणून चालतं. छताकडं बघत पडून राहिले. औषधाचा चटका बसला तेव्हा ओठ चावला, पण परत आई म्हटलं नाही.

हिंदीत विचारलं असतं तर एवढं लागलं नसतं. सुपरवायझरच्या हिंदीतल्या शिव्या मी रोज खाते आणि गेटातच सोडून घरी येते. हे माझ्या आईच्या भाषेतलं होतं, ते माझ्या मागं घरात आलं. भाकरी थापताना कानात. पोरीची वेणी घालताना कानात. नवरा सोडून अजून कोण कोण. पोर माझी सातवीत आहे. तिच्याकडं बघायची लाज वाटायला लागली मला.

निघताना नर्सनं बजावलं होतं, नवऱ्याला घेऊन ये, त्यालाही तपासायचंय. मी त्याला सांगितलं. तो चहा पीत होता.

"तुला झालंय. मी कशाला येऊ?"

मी पाया पडले त्याच्या. म्हटलं, माझं तिथं कुणी खरं मानत नाही. तू एकदा येऊन सांग, माझी बायको तसली नाही.

"तसली नाहीस हे मला काय माहीत?" तो म्हणाला. "गावाकडं फोन करू का? पोरीला माझ्या आईजवळ ठेवतो. तू बस इथं औषध लावत."

ही गोष्ट गावात पोचली असती तर सख्ख्या भावानं दारात उभं केलं नसतं. आणि पोर गेल्यावर मी कुणासाठी कारखान्यात उभी राहायची? जीव नकोसा झाला. खरंच नकोसा झाला. पुढचे दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. स्वयंपाक करायचे, रडायचे आणि त्याच्या मागं लागायचे, मग हे आलं कुठनं, एवढं तरी सांग.

एका सकाळी तो वैतागला. "आवाज खाली कर. मला पण झालं होतं. गेल्या वर्षी होसूर रोडच्या डॉक्टरकडं गेलो, जाळून आलो. कुणाला कळू दिलं का मी? आणि तू गावभर बोंबलत फिरतेस."

हुशारी केल्यासारखं सांगितलं त्यानं. दार लावून घेतलेल्या खोलीत त्याचं झालं. बायको सोडून अजून कोण, असं त्याला कुणी विचारलं नसणार. आणि घरी येऊन तो माझ्याजवळ झोपला. मी एवढे दिवस डोकं फोडून घेत होते, कारखान्याच्या संडासातनं आलं का, कुणाचा टॉवेल घेतला होता का. आणि हा समोर बसून चहात बिस्कीट बुडवत होता. मला त्याचा इतका राग आला की रडूच थांबलं.

बुधवारी परत गेले. तेच टेबल, तोच दिवा, तीच पोरं.

"सलवार काढा मावशी," पुण्याची पोरगी म्हणाली.

मी काढली नाही. टेबलाच्या कडेला बसून राहिले. दोन्ही हातांनी सलवारीची नाडी धरून ठेवली.

"पोरी," मी म्हटलं, "मागच्या खेपेला त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत आणलंस. आता माझं त्यांच्यापर्यंत ने. गोड करू नको."

ती मोठ्या डॉक्टरांकडं बघायला लागली.

"सांग त्यांना. माझा नवरा एकच. त्यानं हे बाहेरनं आणलं, स्वतःचं गुपचूप जाळून घेतलं आणि मला दिलं. हसायचं असलं तर त्याला इथं झोपवा, त्याच्यावर दिवा लावा, त्याला विचारा. माझा फोटो ज्याच्या मोबाईलात आहे त्यानं माझ्यादेखत पुसावा. आणि पडदा ओढून ही गर्दी बाहेर काढल्याशिवाय मी झोपणार नाही."

तिनं मान खाली घालून सांगितलं. सगळं सांगितलं की निम्मं, मला कळायला मार्ग नाही. डॉक्टरांचा चेहरा मात्र लाल झाला. "इतना नखरा है तो प्राइवेट में जाओ."

ह्याला मधे कुणी सांगणारं लागत नव्हतं. "नहीं जाऊंगी," मी म्हटलं. "इधरच इलाज लूंगी."

त्यांनी मला बाहेर बसवलं. माझ्या मागनं आलेल्या बायका आत जाऊन आल्या. नर्स दर वेळी म्हणायची, "स्वल्प तडी अम्मा," थोडं थांब. मी थांबले. एक पोरगा येऊन मोबाईल दाखवून गेला, पुसला म्हणाला. त्याआधी कुणाकुणाला पाठवला होता ते देवाला ठाऊक. पुण्याची पोरगी समोरून गेली, माझ्याकडं बघितलं नाही. सगळे जेवायला गेल्यावर नर्सनं एकटीला आत घेतलं, पडदा ओढला आणि औषध लावलं.

चामखिळी परत आल्यात. नर्स म्हणते, परत येतात, यायचं सोडू नको. नवरा अजून तपासायला आलेला नाही. तो तपासून येईपर्यंत माझ्या अंथरुणावर यायचं नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. आणि म्हटलं, कर गावाकडं फोन. स्पीकरवर टाक. तुझ्या आईला, माझ्या भावाला, सगळ्यांना ऐकू दे आधी कुणाला झालं आणि कुणी लपवलं. अजून त्यानं फोन केलेला नाही. पोर माझ्याजवळ आहे. भीती गेलेली नाही. पोरीला शाळेतनं यायला उशीर झाला की अजून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते, नेली की काय त्यानं.

पण दर बुधवारी मी जाते. बाकावर ओढणी सोडून बसते, तोंड उघडं ठेवून. शेजारच्या बायका बघतात, सरकून बसतात. बसू देत. आता कुणी विचारू दे, मराठीत विचारू दे नाहीतर इंग्रजीत, नवरा सोडून अजून कोण. नवरा सोडून कुणी नाही. त्याचं नाव सांगते, त्याचा कारखाना सांगते, त्याची शिफ्ट सांगते. जा आणि त्याला घेऊन या.