बटणाचा आवाज ओळखणारी पाल

सेलू स्थानकावर उतरलो तेव्हा ऊन चढले होते. नातीच्या लग्नाची बोलणी करण्यासाठी नाशिकहून वालूरला निघालो होतो. सामान म्हणजे एक पिशवी. वालूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंस कपाशी. मध्येच ऑटो पंक्चर झाला, म्हणून ती नीट पाहता आली.

मुलाचे वडील बसवंतअप्पा नारळाचे व्यापारी. माल दक्षिणेकडून येतो. जेवणात भाकरी आणि येसराची आमटी (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची) होती. तिखट होती, उत्तम होती.

संध्याकाळी बैठक बसली. मी तारखेचा विषय काढताच ट्यूबमागून पाल चुकचुकली. अप्पांच्या थोरल्या भगिनी आक्का यांनी जमिनीवर बोट आपटले.

"शिव शिव. आता उद्या."

या घरात पाल बोलली की विषय त्या दिवसापुरता बंद करतात. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी यजमानांचा मान राखून विषय सोडला.

दुसऱ्या दिवशीही तेच घडले.

"अप्पा, तुमच्याकडील पाली इतक्या बोलतात?"

"जुन्या कुठं बोलायच्या? ही नारळाच्या पोत्यातून आली. लय धीट हाय. बटण वाजलं की किडे यायच्या आधी ट्यूबपाशी हजर! जुन्यांनी भिंतच सोडली."

"मग परक्या पालीचा शब्द कशाला मानता?"

उत्तर आक्कांनी दिले. "तुमी तरी कुठं वालूरचे? तुमचं ऐकायलोत का न्हाई?"

ही रीत पडली तेव्हा पाल क्वचित बोलत असे. ही तर रोज बोलणार. मग या घरात लग्न ठरावे कसे?

तिसऱ्या दिवशी सकाळी पोत्यांवर ठेवलेली पिशवी उचलली. आक्कांनी आग्रहाने धपाटे बांधून दिले. हा होकार की नकार, कळेना.

गाडीत अप्पांचा फोन आला. "अण्णा, ती पाल दिसंना. दहादा बटण वाजवलं, आली न्हाई. आक्का म्हणायलीय, ठरलं समजा."

घरी पोहोचलो तेव्हा नात दारातच होती. पिशवी उघडली. धपाट्यांच्या पुडक्यावरून पाल निघाली आणि भिंतीवर चढली. मी बटण दाबले. नवे घर, नवी भिंत. तरीही ती थेट ट्यूबपाशी जाऊन बसली.

"आजोबा, काय ठरलं?"

मी तोंड उघडले, तोच पाल चुकचुकली. मी थांबलो. का थांबलो, हे अद्याप उमगलेले नाही.

"बोला ना!" नातीने माझी बाही ओढली.

"ठरले," मी म्हणालो. पाल पुन्हा बोलली. नातीने ते ऐकलेच नाही.

मी मात्र ऐकले. अजूनही, बोलण्याआधी एकदा वर पाहतो.