मिस्त्रींनी नको म्हटलेली ट्रॉली

कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी गावी परतलो तेव्हा पंचेचाळिशीचा होतो. आमचं गाव पालीच्या पुढं, राजगडाच्या पायथ्याला. तोवर शेती माझा थोरला भाऊ, दादा, एकटाच बघत होता. जमीन सगळी उताराची. वर नाचणीचा माळ, त्याच्याखाली पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भाताची खाचरं, आणि त्यांच्या कडेनं घराकडं येणारी तिरकी गाडीवाट. जोडीतला एक बैल त्याच पावसाळ्यात गेला. दादा म्हणाला, दुसरा बघू. मी म्हणालो, आता ट्रॅक्टरच घेऊ. मी वीस-बावीस वर्षं यंत्रांत काढलेली, तेव्हा यंत्र निवडायचं काम माझंच असं मी धरून चाललो. दादानंही ते धरलं.

तरी एकदा कुणा जाणत्याला विचारावं म्हणून कापूरहोळच्या एका मिस्त्रींकडं गेलो. हायवेला लागून त्यांचं गॅरेज होतं, पत्र्याचं. भोरचं मुसलमान कुटुंब, वडिलांपासून इंजिनाचं काम. आमच्या भागातले पाण्याचे पंप, मळणीयंत्रं, ट्रॅक्टर, सगळं त्यांच्याच हाताखालून जायचं. मला वाटलं होतं, दुकानात बसून दोन शब्द सांगतील. पण ते म्हणाले, जमीन बघितल्याशिवाय मी कसं सांगू? शुक्रवारी दुपारची नमाज उरकून ते मोटारसायकलवर बसून आमच्याकडं आले.

चप्पल काढून ते सगळ्या बांधांवरून फिरले. दोन खाचरांमधली सगळ्यात अरुंद वाट त्यांनी दोरीनं मोजली आणि दोरीला गाठ मारली. मग माळावर जाऊन खाली बघत बराच वेळ उभे राहिले. मी आणि दादा त्यांच्या शेजारी होतो.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मोठा ट्रॅक्टर ह्या खाचरांत वळणार नाही, तेव्हा छोटाच घ्यायचा. मागची चाकं होतील तितकी रुंद बसवून घ्यायची, म्हणजे उतारावर अंग धरतं. माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर लहान मापाचा, पण दोन्ही चाकांच्या खुणा झाकेल एवढा. चिखलणीला लोखंडी जाळीची चाकं. नांगर एक फाळाचा पुरे. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटी मीच विचारलं, "आणि ट्रॉली?"

त्यांनी गाडीवाटेकडं बोट केलं. "ट्रॉली घेऊ नका, भाऊ. तिला बिरेक नसतो. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागनं ढकलती. मोठ्याला झेपतं, ह्याचं अंग हलकं हाय. वाट नीट पाडून घ्या, मग बघू."

दादानं मान डोलावली. मीही डोलावली.

ट्रॅक्टर आला तो त्यांनी सांगितला तसाच, छोटा; चाकं तेवढी रुंद बसवायची राहिली होती. पण आमच्या गावात लोकांनी ट्रॅक्टर पाहिलेले मोठे, भोरच्या बाजूचे. पाराजवळ आमचा उभा केला तर बघायला आलेल्यांतला एकजण म्हणाला, हे तर जत्रेतून आणल्यासारखं दिसतंय. सगळे हसले, मीही हसलो. पण ते मला लागलं. नोकरी सोडून आलेला माणूस गावासमोर काहीतरी सिद्ध करायला निघालेला असतो. पंधरा दिवसांनी चाकं रुंद बसवून घ्यायला पुन्हा शोरूमला गेलो, तेव्हा मागच्या आवारात लाल रंगाची नवी कोरी ट्रॉली उभी होती. विकणारा म्हणाला, ट्रॉलीशिवाय ट्रॅक्टरला शोभा नाही. मी दादाला विचारलं नाही. मिस्त्रींना तर नाहीच. ट्रॉली जोडून तशीच गावात घेऊन आलो. दादानं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मिस्त्री नको म्हनले होते ना?" मी म्हणालो, सावकाश चालवली की काही होत नाही.

वर्षभर काही झालंही नाही. शेणखत, दगड, पेंढा, सगळं वाहिलं. लोक मागायला यायला लागले. मला बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर भाताची मळणी वरच्या खळ्यावर झाली. पोती खाली आणायची होती. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला उरलेली सगळी पोती एकदमच चढवली, कारण जेवायची वेळ झाली होती. दादा माझ्या डाव्या बाजूला मडगार्डवर बसला. गाडीवाटेच्या वळणावर मागून ढकलल्यासारखं झालं. मी घाबरलो आणि क्लच दाबला. इतकी वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसानं उतारावर क्लच दाबला. त्यासरशी इंजिनाची पकड गेली, ट्रॅक्टर मोकळा सुटला, ट्रॉली आडवी झाली आणि तिनं आम्हाला खालच्या खाचरात ढकलून दिलं. मी उजवीकडं बांधावर फेकला गेलो. मला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. ट्रॅक्टर डाव्या कुशीवर पडला होता आणि दादाचा पाय मडगार्डखाली होता.

खळ्यावरून धावत आलेल्या चौघांनी मिळून ट्रॅक्टर उचलला. शेजारच्याच्या जीपमध्ये घालून दादाला भोरला नेलं. कापूरहोळच्या फाट्यावर जीप वळली तेव्हा मिस्त्री गॅरेजच्या दारात कुणाचंतरी इंजिन पुसत उभे होते. जीपकडं त्यांनी सहज पाहिलं. मी तोंड फिरवलं.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात गावातले पाच-सहाजण जमले. आमच्या चुलत्यांनी विचारलं, एवढ्याशा यंत्राला ट्रॉली जोडायचं डोकं कुणाचं? सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "कापूरहोळच्या मिस्त्रींना विचारूनच घेतली. ते म्हणाले, चालतंय."

आधी ठरवून बोललो नाही. पण तोंडातून गेल्यावर परत घेतलंही नाही. चुलत्यांनी मान हलवली, एकानं मिस्त्रींना शिवी दिली, आणि मला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची मला आजही लाज वाटते. दादा आत खाटेवर होता आणि दार उघडं होतं. त्याला ऐकू गेलं होतं हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. पण त्यानं मला खोटं पाडलं नाही.

दादाचा पाय वाकडाच जुळला. चिखलात उभं राहून भाताची आवणी करणं त्याला पुन्हा जमलं नाही. बायका आवणी करायच्या आणि तो बांधावर बसून रोपांच्या मुठी फेकायचा.

माझं वाक्य मात्र फिरत राहिलं. मिस्त्रींना कळत नाही, मिस्त्रींनी माणसाचा पाय घालवला, असं होत होत ते आजूबाजूच्या गावांत पोचलं. लोक आपली इंजिनं दुसरीकडं न्यायला लागले. एकदा चहाच्या टपरीवर दोघं बोलत होते. त्यांतल्या एकानं मिस्त्रींच्या धर्माचा उल्लेख करून म्हटलं, असल्यांवर भरवसा ठेवायचाच कशाला. तो शब्द मी कधी उच्चारला नव्हता. पण त्याला जागा मी करून दिली होती. मी चहा अर्धा टाकून उठलो. इतकंच केलं. तिथं बोलायला हवं होतं, आणि मी उठून गेलो.

अशी तीन वर्षं गेली. हायवे रुंद करताना रस्त्याकडेची दुकानं पाडली, त्यात मिस्त्रींचं गॅरेज गेलं. भोरला स्टँडच्या मागं त्यांनी एक गाळा घेतला होता असं कळलं. मी भोरला बँकेच्या कामाला गेलो होतो. काम झालं, एसटीला अवकाश होता, आणि पाय आपोआप तिकडं वळले असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मी स्टँडला तीन चकरा मारल्या आणि मग गेलो.

गाळ्यात ते शिवणयंत्राची मोटर दुरुस्त करत बसले होते. ट्रॅक्टर उभा राहील एवढी तिथं जागाच नव्हती. मला त्यांनी ओळखलं, स्टूल पुढं केलं, आधी दादाच्या पायाची चौकशी केली. मी सगळं सांगून टाकलं. व्हरांड्यात काय बोललो, ते शब्दासकट. ते हातातला पेचकस खाली न ठेवता ऐकत होते.

"मला त्याच आठवड्यात कळलं होतं," ते म्हणाले. "बायको म्हनली, जाऊन विचारा. म्या म्हनलं, भाऊ पडलाय त्याचा, येईल सवडीनं."

मी माफ करा म्हणालो. त्यांनी मोटरचा एक स्क्रू आवळला.

"माझ्यापाशी बोलून काय हुनार? मला तर ठावंच हाय, मी काय बोललो ते. ज्यांच्यापुढं बोलला, त्यांच्यापुढं बोला."

चहा त्यांनी मागवला होता. तो मी प्यायलो. कसा, ते आठवत नाही.

घरी येऊन आधी दादाला सांगितलं. तो ओट्यावर पाय लांब करून बसला होता. म्हणाला, "म्याबी गप बसलो की. तुझं नाक राहावं म्हनून. निम्मं माझं हाय त्यात." मला ते निम्मं त्याच्याकडून काढून घ्यायचं होतं, पण ते आता त्यानं धरून ठेवलं होतं.

जूनच्या सुरुवातीला सोसायटीत खत आलं आणि निम्मा गाव गोदामापाशी जमला. तिथं मी बोललो. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. मिस्त्रींनी ट्रॉली नको म्हणून सांगितलं होतं, मी त्यांचं ऐकलं नाही, क्लच मी दाबला, आणि नाव त्यांचं घेतलं. मला वाटलं होतं, लोक तुटून पडतील. तसं काही झालं नाही. कुणी म्हणालं, आता जुन्या गोष्टी कशाला उकरता. कुणी म्हणालं, चुकतं माणसाचं. रांग पुढं सरकली. चुलत्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

फक्त खालच्या वस्तीवरचे एक म्हातारे शेतकरी रांग सोडून माझ्याजवळ आले. पाण्याचं इंजिन त्यांनी अपघाताच्या वर्षी मिस्त्रींकडं दुरुस्तीला टाकलं होतं, आणि माझं बोलणं कानावर आल्यावर निम्मं खोललेलं तसंच उचलून आणलं होतं.

"म्या त्यांच्या तोंडावर बोललो होतो," ते म्हणाले. "दुकानात चार मानसं होती तवा. लई वंगाळ बोललो. तुमच्या शब्दावर."

मी म्हणालो, मी येतो तुमच्याबरोबर, दोघं जाऊन येऊ. त्यांनी मान हलवली. "न्हाई. माझं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोरच्या एसटीला ते धुतलेलं धोतर नेसून उभे होते. मी रस्त्यापलीकडं होतो. गाडी आली, ते चढले, खिडकीशी बसले. त्यांनी मला पाहिलं होतं. हात काही वर केला नाही.