खिसे रिकामे

"खिसे रिकामे!" असं म्हणत सर मीटिंगला बसायचे आणि स्वतःचेच खिसे टेबलावर उपडे करायचे. किल्ल्या, पेन, रुमालसुद्धा. चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या ऑफिसात हा सोहळा रोज व्हायचा. तुमच्याही ऑफिसात असा एखादा नमुना असेलच. आम्ही मान खाली घालून हसायचो.

डब्यात रोज पोळी-भाजी आणणारा हा पन्नाशीचा पुणेकर विमान बाळगून आहे, हे कळलं तेव्हा मला ठसकाच लागला. एकावर एक दोन पंखांचं, आकाशात कोलांट्या मारणारं, लालभडक विमान! समुद्रावरच्या पुलापलीकडे, शेजारच्या मलेशियातल्या एका लहान धावपट्टीवर ते असायचं. सर दर शनिवारी तिकडे.

"लग्न का नाही केलंत, सर?" मी एकदा आगाऊपणे विचारलं.

"पत्रिका हिच्याशीच जुळली," ते म्हणाले आणि मोबाइलवर विमानाचा फोटो दाखवला.

दसऱ्याला त्यांनी मला विमानाच्या पूजेला नेलं. "मला मंत्र येत नाहीत. तू कर." मी झेंडूचा हार, हळदकुंकू, अक्षता आणि गणपती म्हणून मांडायला एक सुपारी नेली. विमान जवळून पाहिलं. कपाटाएवढी जागा, त्यात हा माणूस पट्ट्यांनी आवळून घेऊन उलटा होणार!

पूजा झाली. सर म्हणाले, "आता सगळं उचल. सुटी वस्तू आत नको. उलटं झालं की ती कुठेही घुसते." हार मी काढला. अक्षता त्यांनी ब्रशनं दाणा दाणा करून झाडल्या. ते पाठमोरे झाले तशी मी सुपारी त्यांच्या सीटच्या गादीच्या फटीत घट्ट खोचली. गणपती सोबत असलेला बरा, असं वाटलं. म्हणे मी इंजिनियर!

विमान वर गेलं, गोल फिरलं, उलटं झालं. मी टाळ्या वाजवत होते. मग ते नाक खाली करून सरळ जमिनीकडे येऊ लागलं. मला तोही खेळच वाटला. शेजारी उभा असलेला धावपट्टीचा प्रमुख मात्र ओरडला. अगदी खाली आल्यावर विमान पुन्हा उलटं झालं आणि तसंच, पाठीवर, वर चढलं.

सर उतरले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. विमानाचं नाक वर घ्यायला वैमानिकाच्या हातातली काठी मागे ओढावी लागते. ती कशाततरी अडकली होती. म्हणून त्यांनी विमान उलटं करून काठी पुढे ढकलली; उलट्या विमानाचं नाक तशानं वर जातं. उलटं होताच अडकलेली वस्तू सुटून काचेच्या छतावर पडली. त्यांनी मूठ उघडली. सुपारी. तिच्यावर माझंच कुंकू होतं.

मी ह्या माणसाला मारलंच होतं.

"कुणी ठेवलं हे?" प्रमुखानं इंग्रजीत विचारलं.

"मी," सर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

प्रमुखानं त्यांचं उडणं तिथल्या तिथे बंद केलं. परतताना गाडीत मी रडत म्हटलं, "मी सांगते त्यांना, सर."

"काही सांगू नकोस. शेवटची नजर वैमानिकाची असते. मी गादी उचलून पाहिली नाही." सुपारी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

आणि मी खरंच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

सोमवारी सर मीटिंगला आले. खिसे फुगलेले. तसेच बसले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. पुढे विमान विकलं गेलं आणि सर पुण्याला निघून गेले.

आता मीटिंगच्या आधी मी खिसे रिकामे करते. किल्ल्या, पेन आणि शेवटी ती सुपारी. नवी मुलं मान खाली घालून हसतात.