रातपाळीच्या आठवड्यातली पुस्तकं

माझं शिक्षण चौथी. पाचवीच्या वर्गात काही महिने बसलो, पण बसणं आणि शिकणं यात फरक असतो. मग गाव सोडलं, मुंबईला आलो आणि मरोळला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर लागलो. पंख्याचे सुटे भाग बनायचे. राजकारणावर मी लिहावं असं माझ्यात काही नाही. पण बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, आणि गप्प बसायची सवय तिने मला ठेवली नाही. म्हणून लिहितो.

वाचनाचा नाद तिचा. ती सातवी पास. तेव्हा आम्ही बैठ्या चाळीत राहायचो. पोरं शाळेत गेली की दुपारी आमच्या खोलीत चार-पाच बायका जमायच्या आणि खोट्या दागिन्यांना खडे लावायच्या. एक शेठ माल टाकून जायचा, आठवड्याने घेऊन जायचा. माझी बायको खडे लावत नसे. ती वाचायची. अंधेरीच्या वाचनालयातून कादंबरी आणायची, भिंतीला टेकून मोठ्याने वाचायची, आणि तिच्या वाट्याचे खडे बाकीच्या लावायच्या. असा त्यांचा आपसातला करार होता. मी एकदा म्हटलं, "आयतं खातेस."

त्यावर शेजारची म्हणाली, "भावोजी, रेडिओला कुणी खडे लावायला सांगतं का?"

मी परत विषय काढला नाही.

माझी पाळी दर आठवड्याला बदलायची. पहिली किंवा दुसरी पाळी असली की दुपारी मी कारखान्यात. रातपाळीच्या आठवड्यात मात्र दुपारी घरी, पडद्यामागे झोपलेला. झोप कसली. ऐकायचो. त्यामुळे तीन आठवड्यांतला एक आठवडा माझ्या वाट्याला यायचा. मी ऐकलेल्या कुठल्याच कादंबरीला धड सुरुवात नाही की शेवट नाही. एकाला मी बोहल्यावर उभा सोडला होता, परत ऐकायला आलो तर तो तुरुंगात. मधे काय झालं विचारलं तर बायको म्हणायची, "अक्षरं येतात ना तुम्हाला? मग वाचा."

म्हणून वाचायला लागलो. बोट ठेवून. जोडाक्षर आलं की गाडी थांबायची. एक पुस्तक मला दोन-दोन महिने पुरायचं आणि वाचनालयवाला तिला बोलायचा. ती म्हणायची, "घरात आजारी माणूस आहे." तो आजारी माणूस म्हणजे मी.

वाचता वाचता थांबायची तिला खोड होती. पुस्तकात एखादी मोलकरीण पाणी देऊन जायची, किंवा जिच्याशी नायकाचं लग्न मोडलं ती मुलगी दोन पानांत संपायची. ही तिथे थांबायची आणि विचारायची, "आणि तिचं पुढं काय झालं गं?" लेखकाने ते सांगितलेलं नसायचं. मग बायका भांडायच्या. एक म्हणायची, माहेरी गेली असेल. दुसरी म्हणायची, माहेर असतं तर लोकांच्या घरी पाणी कशाला भरलं असतं तिने. पुस्तक उघडं पडलेलं. मला पडद्यामागे वाटायचं, बायांनो, ती जाऊ दे, त्या चोराला पकडलं की नाही तेवढं सांगा, मला रात्री कामावर जायचंय.

त्या काळात मी पक्षाचा माणूस होतो. पक्षाचं नाव लिहीत नाही, लिहून काही फरकही पडत नाही. गावचा एक मित्र आमच्याच चाळीत राहायचा, कामालाही आमच्याच कारखान्यात होता, त्याने मला नेलं. मी पोस्टर चिकटवायला खळ शिजवायचो आणि घोषणा द्यायचो. घोषणेला आवाज लागतो, तो माझ्याकडे प्रेसच्या खडखडाटात कमावलेला होता. पक्ष काय म्हणतो हे मला घोषणेपुरतं माहीत होतं. तेवढं पुरायचं.

एकदा सभेला बायको आली. पुढारी चांगला बोलला. घरी येताना ही म्हणते, "त्या जागेवर झोपड्या होत्या, तिथे आम्ही बाग केली असं म्हणाले ना ते?"

"हो."

"झोपड्यांतल्या लोकांचं काय झालं?"

मी म्हटलं, "सभा होती ती. कादंबरी नव्हती."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "कादंबरीवाला निदान सगळं सांगायचा प्रयत्न तरी करतो."

त्या दिवसापासून माझी वाट लागली. भाषण ऐकायला बसलो की कान नको तिथे अडायचा. पुढारी पुढच्या मुद्द्यावर गेलेला, लोकांच्या टाळ्या पडून गेलेल्या, आणि मी मागच्याच वाक्यात कुणीतरी राहून गेलंय म्हणून बसलेला. घोषणा उशिरा निघायला लागली. मित्र म्हणायचा, "काय रे, घसा बसला काय?" मी हो म्हणायचो. मत मात्र त्याच्याच पक्षाला देत राहिलो. मत देताना मी पुस्तकाचा विचार करत नसे, मित्राचा करत असे.

बायको गेल्या वर्षी गेली. शेवटचे दिवस ती हॉस्पिटलात होती. डोळ्यांनी वाचवत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवायचो. माझं वाचन ऐकणं हे सुद्धा एक दुखणंच आहे, पण तिने तक्रार केली नाही. मधेच झोपायची. मी थांबत नसे. पुस्तक अर्धं झालं आणि ती गेली. बाराव्यानंतर मी ते पूर्ण केलं, कारण वाचनालयाला परत द्यायचं होतं. शेवट ठीक होता. तिला आवडला नसता.

त्या दिवसांत मित्राने काय केलं नाही ते विचारा. गाडी त्याने आणली, स्मशानातलं सगळं त्याने बघितलं, खांदा त्याने दिला. माझा मुलगा दुबईहून यायला दुसरा दिवस उजाडला, तोवर मुलाच्या जागी हाच उभा होता. मयताचा दाखला काढायला त्याची सून माझ्याबरोबर पालिकेच्या ऑफिसात आली, रांगेत उभी राहिली, मला बाकड्यावर बसवून. पोरगी चांगली आहे. हे मी पुढच्या गोष्टीसाठी लिहीत नाही, ती चांगलीच आहे.

मग निवडणूक आली. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि मित्राच्या सुनेला तिकीट मिळालं. सबंध आयुष्य त्याने खळ शिजवण्यात घालवलं, त्याला पहिल्यांदा काहीतरी मिळालं होतं. तो माझ्याकडे आला, एक छापील कागद टेबलावर ठेवला.

"नाक्यावर सभा आसा. जुनो कामगार म्हणून तू बोलायचंस. सगळा लिहिलेला आसा, तुका फक्त वाचूचा आसा. वाचता येता ना आता तुका?"

म्हटलं, येतं.

तो गेल्यावर मोठ्याने वाचून बघितलं. पाणी, रस्ते, दवाखाना, ठीक होतं. मग आलं की, माझ्यासारख्या मराठी कामगारांची भाकरी बाहेरून आलेल्यांनी हिसकावून घेतली. तिथे थांबलो. जोडाक्षरामुळे नव्हे.

माझ्या शेजारच्या प्रेसवर एक यूपीचा होता. बरीच वर्षं. त्याचं बोट मशीनमध्ये गेलं तेव्हा दवाखान्यात मी नेलं होतं. मालकाने मशीनं वापीला हलवली आणि एक दिवस गेटला कुलूप लावलं, तेव्हा गेटबाहेर मी उभा होतो आणि माझ्या बाजूला तो उभा होता. भाकरी कुणी नेली असेल तर दोघांची एकाच टेम्पोतून नेली. आज तिथे काचेची इमारत आहे. मालकाचं पुढं काय झालं ते त्या इमारतीवरून कळतं. त्या यूपीवाल्याचं काय झालं, माहीत नाही. सांताक्रूझला रिक्षा चालवतो असं कुणीतरी म्हणालं होतं. कागदात तो होता, पण माझी भाकरी चोरणारा म्हणून होता.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मित्राच्या घरी गेलो. म्हटलं, "एवढं एक वाक्य मी बोलणार नाही."

"वरून इलेला आसा ता. माका बदलूक येणा नाय."

"मग मी माझं बोलतो. ही पोरगी चांगली आहे. माझ्या बायकोचा दाखला काढायला रांगेत उभी राहिली. एवढं बोलतो."

"दाखल्यावर मतां पडत नाय."

"कारखाना कुणी बंद केला? तू सुद्धा होतास की तेव्हा."

त्याला आठवत होतं. यूपीवाल्याच्या पोरीच्या लग्नात आम्ही दोघं जेवून आलो होतो.

"वहिनीन बिघडवल्यान तुका," तो म्हणाला.

"हो."

"मी खांदो दिलंय तिका."

खांदा ही काही परत करता येण्यासारखी वस्तू नाही. मी कागद टेबलावर ठेवला आणि निघालो. दारापर्यंत सोडायला तो नेहमी यायचा. आला नाही.

सभेला मी गेलो. बोलणार नाही म्हटलं होतं, येणार नाही असं म्हटलं नव्हतं. मागच्या खुर्चीत बसलो. कागद शेवटी त्याने स्वतःच वाचला. ते वाक्य आलं तेव्हा त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, मग पुढचं भरभर वाचून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवले. बाजूचा म्हणाला, "काका, बरं नाही का?" म्हटलं, बरं आहे.

मतदानाला गेलो. मत त्याच्या सुनेला दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मित्राचा विचार न करता बटण दाबलं आणि बाहेर येऊन रसवंतीवर बसून राहिलो. फार मोठं काही केल्यासारखं वाटेल अशी अपेक्षा होती. रस गोड होता, बाकी काही वाटलं नाही. जिला मत दिलं तीही काही देव नाही. तिच्या कागदात कुणाची भाकरी कुणी चोरली नव्हती, एवढंच.

ती निवडून आली. चांगल्या मतांनी. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. रात्री फटाके झाले, गुलाल झाला. मित्र आमच्या इमारतीखालून मिरवणुकीत गेला. मी गॅलरीत उभा होतो. त्याने वर बघितलं नाही, किंवा बघितलं आणि मला दिसलं नाही. माझे डोळे आता तसे राहिले नाहीत.

दोन दिवसांनी सून आली. हातात स्टीलचा डबा, त्यात नारळाच्या वड्या. माझ्या पाया पडली.

"बाबांनी पाठवलं?" मी विचारलं.

"नाही. मी आणलं." मग म्हणाली, "काका, मत दिलंत ना?"

"दिलं."

"मला?"

"नाही."

तिने डबा माझ्यापुढे सरकवला. "बरं," म्हणाली. "वड्या खा. डबा सावकाश द्या, घाई नाही."

वड्या चार दिवस पुरल्या. डबा घासून ओट्यावर उपडा घातला. कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही ही आपल्यात पद्धत आहे, आणि मला स्वयंपाकातलं भात आणि चहा सोडून काही येत नाही. भात कुणी डब्यात घालून नेत नाही. शेवटी शेंगदाणे आणले आणि तव्यावर भाजले. पहिले करपले ते मी खाल्ले. दुसरे बरे झाले. थंड होईपर्यंत थांबलो, डबा भरला आणि त्याच्या घरी गेलो. बेल वाजवली. सून दार उघडेल असं वाटलं होतं. त्याने उघडलं.

डब्याकडे बघितलं. "काय आसा?"

"शेंगदाणे."

"खारे?"

"साधे."

त्याने झाकण काढलं, एक दाणा तोंडात टाकला, बराच वेळ चावला.

"मीठ घालूचा होता," तो म्हणाला. "पण तू कोणाचा ऐकतंस," आणि दारातून बाजूला झाला.